बाटलीभर नदी

मेघा : माय, ती शेगडी आधी बाहेर ठेव. माझेच डोळे चुरचुरताहेत, तर बाळाचं काय होत असेल!

भिकुबाई : बाळले काय व्हई? ओवानी धुरी शे ती. तू बी याच धुरीमा मोठी व्हयनी. भुसावळले दिधी तवपाईन पुस्तकनं बोलाले लागनी, नि आते धूर बी लागस का तुले?

मेघा : खोलीत धूर कोंडलाय. बाहेर थंडी म्हणून तू खिडकीची फटसुद्धा उघडू देत नाहीस.

भिकुबाई : बाळंतीननी खोली शे ती, बसस्टँड नही. सव्वा महिना भरू दे, मंग बठ्ठ्या खिडक्या उघडजो. मी नही म्हननार नही.

मेघा : तो सकाळपासून नीट प्यायलेला नाही गं. तोंडात घेतो, दोनदा ओढतो आणि सोडून देतो. नाक चोंदलंय. अंगही कोमट लागतंय.

भिकुबाई : सर्दी शे. थंडीमा कोना लेकरूले सर्दी व्हत नही? पन देख, कसा शांत पडेल शे. कालदिन नुसती किरकिर करे. धुरी दिधी नि गपगार व्हयना.

मेघा : तो गप्प आहे म्हणूनच मला भीती वाटतेय.

भिकुबाई : रडना तरी तुले भीती, नही रडना तरी भीती. पहिलं लेकरू शे ना, आसंच व्हस. फोन वाजी ऱ्हायना तुना. देख, कोना शे?

मेघा : सासूबाईंचा.

भिकुबाई : इहीनबाईना? थांब, थांब. माले पदर लेऊ दे.

मेघा : फोनवर पदर कशाला घेतेस माय? त्यांना तू दिसत नाहीस.

भिकुबाई : नसू दे दिसत. डोकावर पदर नही तं त्यास्नासंगे बोलाले माले सुधरत नही. आते उचल.

सुमनबाई : हॅलो, मेघा? स्पीकरवर टाक बरं, विहीणबाईंनाही ऐकू दे. काय म्हणतोय आमचा राजा?

मेघा : आई, त्याला सर्दी झालीय. अंग गरम आहे, दूध घेत नाहीये. हितेंद्रना फोन लावतेय, पण ते मालगाडीवर आहेत, लागत नाही. मी याला धुळ्याला मुलांच्या डॉक्टरांकडे नेऊ म्हणते.

सुमनबाई : धुळ्याला? म्हणजे बोरी नदी ओलांडून?

मेघा : हो. आमच्याकडून दुसरा रस्ताच नाही.

सुमनबाई : अगं, सव्वा महिना भरायला आठवडा नाही राहिला. पाणी पुजल्याशिवाय बाळंतिणीनं उंबरा सोडायचा नाही आणि तान्ह्यानं नदी ओलांडायची नाही. आमच्या घरात हे कधी मोडलेलं नाही. विहीणबाई, हे तुम्हाला मी सांगायला हवं का?

भिकुबाई : नही नही, इहीनबाई. तुमीन म्हनतस तेच बरोबर. आमनाकडे बी तीच रीत शे.

सुमनबाई : मग झालं तर. छाती शेका, वेखंड उगाळून लावा. दोन दिवसांत उतरेल. आणि हे बघा, लेकरू आमचं आहे, तुमच्याकडे ठेव म्हणून आहे. ठेव जपावी लागते.

भिकुबाई : हाव, इहीनबाई. जपसू ना. जीवपेक्षा जपसू.

सुमनबाई : ठेवते. संध्याकाळी करते फोन.

मेघा : माय, तू तर एक शब्दही बोलली नाहीस.

भिकुबाई : हाव म्हनं ना मी.

मेघा : तेच तर! हाव सोडून दुसरा शब्दच नाही तुझ्याकडे त्यांच्यासमोर. लग्नात पंगत उशिरा बसली म्हणून त्या बोलल्या, तरी हाव. डोहाळजेवणाला साडीचा रंग आवडला नाही, तरी हाव.

भिकुबाई : पोरनी माय शे मी. मी एक बोलसू, तुले धा ऐकनं पडी. आन हाऊ पोऱ्या काय मना शे का? परकानी ठेव शे. वाटमा काही कमी-जास्त व्हयनं तं जलमभर म्हनतीन, मेघानी मायनी रीत मोडी नि आमना नातू गमाडा. तवय मी काय तोंड दखाडू?

मेघा : आणि घरातच काही झालं तर?

भिकुबाई : तोंड धुय आधी! कायबी बोलस. आन इकडे त्याले. तेल कोमट करेल शे. छाती-पाठ चोळी देस, कफ मोकळा व्हई, मंग पेई तो. ये मना राजा. ये.

मेघा : हळू गं.

भिकुबाई : तू नको शिकाडू माले. आते देख कसा भोंगा वाजाडस. तेलना हात लागना का आख्खी गल्ली गोळा करस हाऊ. समोरनी जीनत काल माले म्हने, मावशी, तुमना घर पोऱ्या शे का गिरणीना भोंगा? हा, हात मोकळा कर. आसा. आते पाय... मेघा.

मेघा : काय?

भिकुबाई : हाऊ रडी नही ऱ्हायना.

मेघा : मग बरंच आहे ना? तूच तर म्हणालीस...

भिकुबाई : पाठ चोळी, पाय तानात, हूं नही का चूं नही. मालिशले रडत नही आसा पोऱ्या मी आजपावत देखा नही. तू, तुना भाऊ, जीनतना पोरे, गल्लीना बठ्ठा लेकरे या हातखाल ग्यात. मरतुकडामा मरतुकडा पोऱ्या बी मालिशले लाथ मारस. हाऊ देख. हात उचला का तसाच खाले पडस.

मेघा : माय, इथं बघ. बरगड्यांच्या खाली. श्वास घेतो तेव्हा खड्डा पडतोय. आणि किती भरभर चाललाय श्वास!

भिकुबाई : देखं मी. झबलं घाल त्याले. गोधडी एकच ले, गुंडाळू नको गच्च. जीनत! ओ जीनत! तुना जुनैद घर शे का? त्याले म्हन, गाडी काढ! आत्ताच्या आत्ता! जेवत व्हई तं ताट ऱ्हाऊ दे म्हना!

मेघा : माय, सव्वा महिना?

भिकुबाई : तू चपला घाल.

मेघा : उंबरा ओलांडू?

भिकुबाई : वलांड. देवले काय सांगानं ते मी सांगी दिसू.

मेघा : आणि सासूबाईंना?

भिकुबाई : ...ते मंग देखसूत. निंघ तू.

(थोड्या वेळानं, जुनैदच्या गाडीत.)

मेघा : जुनैदभाऊ, पारोळ्यात थांबू नका. तिथल्या डॉक्टरांना फोन केला मी. ते म्हणाले, एवढं लहान बाळ दूध सोडतं तेव्हा वेळ घालवू नका, सरळ धुळ्याला न्या.

भिकुबाई : पोऱ्याले छातीशी धर. नाक-तोंड मोकळं ठेव त्यानं. पेस का?

मेघा : नाही गं. नुसते ओठ लावतो.

भिकुबाई : लायत ऱ्हाय. थेंब थेंब ग्या तरी चालई. जुनैद, थांब! पूल उना. थांब बेटा.

मेघा : माय! आता इथं काय?

भिकुबाई : पानी पुजनं शे.

मेघा : आता? तुला वेड लागलंय का?

भिकुबाई : पुजाबिगर वलांडता येत नही ना? मंग पुजी लेवूत नि वलांडूत. सव्वा महिनानंतर पुजतस ते आज पुजं. एक मिनिटनं काम शे. पुलवर पाय ठेवाना आधी व्हई जाऊ दे, मंग माले बी बळ येई.

मेघा : पण बोरीत पाणी कुठे आहे? खाली बघ, नुसती वाळू. पाणीच नाही, तर ओलांडायचं तरी काय?

भिकुबाई : पानी नही म्हनीसन ती नदी नही का? जुनैद, तुनी पेवानी बाटली दे इकडे.

मेघा : बाटलीतलं पाणी नदीत ओतायचं?

भिकुबाई : तिनाकडे नही तं आपीन देवूत. आपला घर पाहुनी येस, तिले आपीन पानी देतस का नही? बस, तसं. कुंकू मना बटवामा शे. हा, टाक चिमूटभर. आते तुना हातनी वत.

मेघा : थोडंसंच ओतते. जुनैदभाऊंना दिवसभर...

भिकुबाई : काय म्हनस जुनैद?

मेघा : ते म्हणताहेत, मावशी, सगळी ओता, कंजुषी करू नका.

भिकुबाई : देख! शहाना पोऱ्या शे. वत बठ्ठी. आते म्हन, बोरीमाय, तुले पानी दिधं, तू माले मना पोऱ्या दे.

मेघा : बोरीमाय, तुला पाणी दिलं. तू मला... माझं बाळ दे.

भिकुबाई : रडू नको. व्हयनी पूजा. चाल जुनैद, आते कोठेच थांबानं नही. आते गाडी उडाड!

मेघा : माय, फोन. सासूबाईंचा. काय सांगू?

भिकुबाई : खरं ते सांग.

मेघा : हॅलो... हो, आई.

सुमनबाई : मेघा, मागे हा गाडीचा आवाज कसला गं? कुठे आहेस तू?

मेघा : आई, आम्ही... म्हणजे बाळाला...

भिकुबाई : दे तो फोन माले. इहीनबाई, मी भिकुबाई बोलस. आमीन धुळे चालनूत. पूल वलांडा आमीन.

सुमनबाई : विहीणबाई! मी मघाशी काय सांगितलं होतं? आत्ताच्या आत्ता परत फिरा.

भिकुबाई : नही फिरत.

सुमनबाई : काय?

भिकुबाई : नही फिरत म्हनं. पोऱ्या दूध पेत नही, रडत नही, त्यानी छातीमा खड्डा पडी ऱ्हायना. पानी पुजं नि मंग वलांडं. तरीबी रीत मोडनी व्हई तं तो दोष माले लागो, त्याले नको. पोऱ्या तुमना घरना शे, माले मान्य शे. पन आते तो मना मांडीवर शे. तुमले जे बोलनं शे ते दवाखानामा ईसन बोला. मी तठेच बसेल शे. कोठे पळी नही चालनू.

सुमनबाई : विहीणबाई, ऐका, मी काय...

मेघा : माय... तू फोन बंद केलास?

भिकुबाई : मी कोठे बंद करा? बोट लागनं.

मेघा : तुझा पदरही खाली पडलाय.

भिकुबाई : पडू दे.

(दुसऱ्या दिवशी सकाळी, धुळ्याच्या मुलांच्या दवाखान्यात.)

भिकुबाई : रड! रड मना राजा! आजून रड! ऐक मेघा, ऐक! बठ्ठा दवाखाना जागा करी टाका यानी!

मेघा : माय, हळू. सगळे बघताहेत. नर्स त्याला सुई टोचतेय आणि तू टाळ्या वाजवतेस!

भिकुबाई : देखू दे बठ्ठास्ले. भोंगा शे, मना भोंगा! नर्सबाईले लाथ मारी, देखं का तू? हातवर मारी. आशी जोरमा!

मेघा : पाहिलं गं. मघाशी प्यायलासुद्धा. नुसते ओठ नाही लावले, ओढून ओढून प्यायला. घोट गिळल्याचा आवाज येत होता.

भिकुबाई : माले बी ऊनं ऐकू. मी गुमसुम बसनू, म्हनं दृष्ट लागाले नको. डाक्तरीनबाई काय म्हने?

मेघा : न्यूमोनिया होता. आता उतार पडतोय. काही दिवस इथंच राहायचंय, औषध सलाईनमधून चालू राहील, पण सगळ्यात अवघड वेळ गेली म्हणाल्या. एवढ्या लहान बाळाला ताप आला, त्यानं दूध सोडलं, की घरी उपाय करत बसायचंच नाही. लगेच आणायचं.

भिकुबाई : आन धुरी?

मेघा : धुरी बंद. धुरानं छातीला जास्त त्रास होतो. नाकात त्यांनी दिलेले मिठाच्या पाण्याचे थेंब घालायचे आणि अंगावरचं दूध थोडं थोडं, पुन्हा पुन्हा पाजायचं. बाकी काही चाटवायचं नाही.

भिकुबाई : मनाच हातस्नी मी त्याले धूर दिधा. बरं व्हई म्हनीसन दिधा.

मेघा : आणि त्याच हातांना कळलं ना, की हा रडत नाहीये? मी मॅडमना मालिशचं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, आजींनी फार वेळेवर ओळखलं.

भिकुबाई : आशी म्हने? डाक्तरीनबाई?

मेघा : हो.

भिकुबाई : परत सांग बरं, कशी म्हने?

मेघा : आजींनी फार वेळेवर ओळखलं. आता हितेंद्र दुपारी पोचतील ना, त्यांनाही सांगते. आणि गल्लीत जीनतभाभीलाही फोन करते. झालं समाधान?

भिकुबाई : जीनतले मी सांगसू. ते तुले रंगाडीसन सांगता येवाव नही. ...इहीनबाईना काही फोन?

मेघा : नाही. काल तू कापलास, त्यानंतर एकही नाही.

भिकुबाई : चिडी ग्यात. चिडू दे. पोऱ्या रडी ऱ्हायना, आते कोनी बी चिडू दे.

मेघा : माय.

भिकुबाई : काय?

मेघा : आल्या त्या. दारात उभ्या आहेत.

भिकुबाई : आं? कोठे? मना पदर... नही. ऱ्हाऊ दे. या, इहीनबाई. आधी हात धुई ल्या, तठे साबण शे. मंग काय बोलनं ते बोला. मी ऐकाले बसेल शे.

सुमनबाई : कुठे आहे तो?

मेघा : हा काय आई. झोपवत होते, पण सुई टोचली म्हणून...

सुमनबाई : रडतोय.

भिकुबाई : हाव. रडी ऱ्हायना.

सुमनबाई : जिन्यातच आवाज आला मला. तिथंच थांबले. म्हटलं, हा आपलाच असू दे. देवा, हा आपलाच असू दे.

मेघा : बसा ना आई. तुमचा फोन नाही, आम्हाला वाटलं तुम्ही खूप रागावलात.

सुमनबाई : फोन हातात घ्यायचे आणि खाली ठेवायचे. पलीकडून काय ऐकू येईल, ते ऐकायची हिंमत नव्हती माझी. हितेंद्रनं दवाखान्याचं नाव तेवढं कळवलं, तशी पहिली बस पकडून निघाले. विहीणबाई, तुम्हाला माहीत नाही. मेघालाही नाही. हितेंद्रच्या आधी मला एक झाला होता.

भिकुबाई : काय म्हनतस!

सुमनबाई : महिन्याचाही नव्हता. मी माहेरी होते, तापीकाठी. असाच गप्प झाला होता. माझी आई म्हणायची, नावेतून पलीकडे नेऊ, तिथं डॉक्टर आहे. तेवढ्यात माझ्या सासूबाईंचा निरोप आला. पाणी पुजल्याशिवाय ओलांडू नका. माझी आई तुमच्यासारखीच होती, पोरीची आई. ती हो म्हणाली.

मेघा : आई...

सुमनबाई : नंतर मीच ती रीत सगळ्यांत घट्ट धरली. जावेच्या वेळी धरली, नणंदेच्या वेळी धरली. ती खोटी आहे असं म्हटलं असतं, तर माझा तो कशासाठी गेला? काल तुम्ही म्हणालात, नाही फिरत. माझ्या आईनं एकदा, एकदाच, असं म्हणायला हवं होतं हो.

भिकुबाई : बसा. आधी बसा तुमीन, आठे, मनाजवळ. मेघा, पानी दे त्यास्ले. आन आते ल्या याले. सुईना हात तेवढा संभाळा.

सुमनबाई : मी घेऊ?

भिकुबाई : मंग कोन? तुमनी ठेव शे ना? ल्या, मोजी ल्या. दोन हात, दोन पाय, एक भोंगा.

सुमनबाई : अगं बाई! लाथ मारतोय!

भिकुबाई : मारस! बठ्ठास्ले मारस. डाक्तरीनबाईले बी सोडं नही यानी!

सुमनबाई : मार रे, मार. आजीला मार. अजून एक मार.

मेघा : तुम्ही दोघी एकदम रडू नका हं. आता बाळ गप्प झालंय, नर्सला वाटेल तुम्हालाच काहीतरी टोचलं.

सुमनबाई : विहीणबाई, पुलावर पाणी पुजलं म्हणालात. काय वाहिलंत?

भिकुबाई : काय वाहनार? घरमाईन पळतच निंघनूत. चिमूटभर कुंकू व्हतं, नि जुनैदनी पेवानी बाटली. नदी कोरडी ठाक पडेल शे.

सुमनबाई : म्हणून ही पिशवी आणलीय. याला घरी नेताना पुलावर गाडी थांबवू आणि राहिलेली ओटी भरू. तुम्ही पुढे, मी मागे.

मेघा : आई, यात नारळ दोन आहेत. खणही दोन.

सुमनबाई : एक याचा.

भिकुबाई : हाव. समजनं माले. तुमना पहिलाले बी पार करसूत, इहीनबाई.

सुमनबाई : पण नदीला पाणी नाही म्हणालात.

भिकुबाई : बाटली मी भरीसन लई येसू.